सात पाण्यांनी धुतलेलं बी

नांदेडच्या एका कॉलेजात मी तीसेक वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. त्यातली निम्मी वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे गेली. पाऱ्याच्या विषापासून मेंदूच्या पेशी वाचवता येतात का, हा तो प्रश्न. विद्यार्थी विचारायचे, "मॅडम, एवढे विषय पडलेत, तुम्ही हाच का धरला?" मी सांगायची, गाईडनं दिला म्हणून धरला. हे खोटं होतं. खोटं बोलायची मला लहानपणापासून सवय आहे, आणि हा विषयसुद्धा तशाच एका खोट्यातून निघालेला आहे.

आमचं गाव उदगीर आणि देवणीच्या मधलं. कर्नाटक हाकेच्या अंतरावर, म्हणून आईला आम्ही अव्वा म्हणायचो आणि वडिलांना अप्पा. बाहत्तरच्या दुष्काळात मी अकरा वर्षांची होते. माझ्या पाठीवर दोन लेकरं होऊन गेली होती, आणि इतक्या वर्षांनी, नेमकं त्याच वर्षी, अव्वाला पुन्हा दिवस गेले होते. लोक म्हणायचे, वेळ बघूनच आलंय. अव्वा हसायची. दुष्काळातही ती हसायची, हे मला नीट आठवतं, कारण पुढं तिचं हसणं मी फारसं पाहिलं नाही.

त्या साली आमच्या भागात पिकलं असं काही नव्हतंच. रेशनवर मिलो मिळायची. परदेशातून जहाजानं आलेली लाल ज्वारी ती. तिची भाकरी मातीच्या रंगाची व्हायची आणि थापताना चिरायची. पहिल्या दिवशी अप्पांनी ताटातली भाकरी उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाले, "ही खायाची का लिंपायाची?" पण भूक लागली की रंग दिसत नाही. चार महिन्यांत लाल धान्य खायची आम्हाला इतकी सवय झाली, की पांढरी ज्वारी कशी दिसते हे आठवून बघावं लागे. ही सवयच आम्हाला नडली असं मी अजूनही मानते. लाल रंगाचं भय आमच्या मनातून निघून गेलं होतं.

घरात आणखी एक लाल धान्य होतं. अप्पांनी पावसाळ्याच्या तोंडावर संकरित ज्वारीचं बी आणलं होतं. त्याला गुलाबी रंगाचं औषध चोळलेलं होतं, कीड आणि बुरशी लागू नये म्हणून. निम्मं बी पेरलं, ते जळून गेलं. निम्मं पोत्यात राहिलं, कारण पेरायला रानात ओलच नव्हती. पोत्यावर काही छापलेलं होतं, पण ते इंग्रजीत. आमच्या गल्लीत इंग्रजी वाचता येणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे सातवीपर्यंत शिकलेले पोस्टमन, आणि तेही नुसत्या पत्त्यापुरतं. औषध लावलेलं आहे, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. बी पेरून झालं की हात धुवा, असं अप्पांना सांगितलं होतं. हाताचं धुऊन जातं तर दाण्याचं का जाणार नाही, असा आमचा सरळ हिशेब.

मग येळवस आली. वेळाअमावस्या म्हणतात ती. आमच्याकडं दिवाळीपेक्षा तिचा थाट मोठा. सगळं गाव रानात जातं, कडब्याची कोप करतात, तिच्यात पाच दगड चुना लावून मांडतात, ते पांडव. त्यांच्यापुढं ज्वारीची आंबील, पिठाचे उकडलेले गोळे म्हणजे उंडे, आणि पालेभाज्यांची भज्जी असा निवद. त्या वर्षी रानात कोप करायला कडबा नव्हता आणि भज्जीत घालायला हिरवं पान नव्हतं. अव्वा म्हणाली, "बाकीचं राहू दे. पर पांडवाला मिलूचा उंडा दावायचा का? परमुलखातल्या दाण्याचा? ज्या रानात बसवायचं, त्या रानातलं कायतरी पायजे की."

अप्पा म्हणाले, "रानातलं काय हाय? धसकटं हायती."

"रानात जायाचं बी तर हाय," अव्वा म्हणाली. "पोत्यात बसून राहिलंय ते."

अप्पा गप्प बसले. त्यांना ते पटलं असावं, नाहीतर भूक लागली असावी. बाहत्तर साली पटणं आणि भूक लागणं यांत फारसा फरक उरला नव्हता.

आम्ही काही अगदीच अडाणीपणानं वागलो नाही, हे मला सांगायचं आहे, कारण पुढं जो तो म्हणाला, औषधाचं बी कुणी खातं का. शेजारच्या मावशींकडं दोन कोंबड्या उरल्या होत्या. आम्ही लिंगायत, आमच्याकडं कोंबड्या कुठून असणार. अव्वानं मूठभर बी मावशींना दिलं आणि म्हणाली, "तेवढं घालून बघा." कोंबड्यांनी खाल्लं. दुसऱ्या दिवशी त्या उकिरडा उकरत होत्या. तिसऱ्या दिवशी एकीनं अंडं घातलं. मावशी कुंपणावरून ओरडली, "चांगलं हाय गं तुझं बी, अंडं दिलीय बग!" पाऱ्याचं हे विष लगेच बोलत नाही. आठवडे जातात, महिने जातात, आणि मग बोलतं. हे आम्हाला कोण सांगणार होतं? त्या कोंबड्यांचं पुढं काय झालं ते कुणी पाहिलं नाही, कारण आठवड्याभरात मावशींनीच त्या कापून खाल्ल्या.

येळवसेच्या आदल्या दिवशी अव्वानं बी टोपल्यात काढलं आणि मला विहिरीवर पाठवलं. "सात पाण्यानं धू. मोजून. आणि ते पाणी जनावरापुढं ठिवू नको, उकिरड्यावर वत." एरवी धान्य धुतलेलं पाणी कुणी फेकत नसे, त्या साली तर मुळीच नाही. ती स्वतः सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. चौथा महिना होता तिला.

विहिरीच्या तळाशी पाणी होतं, त्यात एका वेळी अर्धी बादली भरायची. काठावर बायकांची रांग. मी पहिलं पाणी घातलं, तर ते गुलाबी झालं, होळीच्या रंगासारखं. ते उकिरड्यावर ओतलं. दुसरं घातलं, तेही गुलाबी, पण फिक्कट. मी तिसऱ्यांदा पोहरा सोडायला गेले, तर रांगेतली एक बाई अंगावर आली. "रांडे, लोकाला प्यायला पाणी न्हाई, तू उकिरडा शिपायलीस व्हय?" दुसरीनं माझ्या हातातली दोरीच ओढून घेतली. मी रडत रडत टोपलं उचललं. घरी येऊन फडक्यानं बी चोळून चोळून पुसलं. फडकं गुलाबी झालं, दाणे पांढरे दिसायला लागले. रंग गेला, म्हणजे झालं, असं मी स्वतःला समजावलं. फडकं चुलीत घातलं.

संध्याकाळी अव्वानं विचारलं, "सात घातलीस?"

मी म्हणलं, "हाव."

उंडे चांगले झाले होते. पांढऱ्या ज्वारीचा वास घरात किती महिन्यांनी आला होता. पांडवांना दाखवलं, रानात आंबील शिंपली, आणि आम्ही जेवलो. अप्पांचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यावर थांबलो असतो तर कदाचित निभावलं असतं. पण पोतं उघडलं होतं. अव्वाला मिलोनं जळजळ व्हायची, आणि दोन जिवांची बाई म्हणून आम्ही ठरवलं, की राहिलेलं पांढरं धान्य तिला एकटीला. मी आणि अप्पा मिलो खायचो. तिच्या भाकरी मी थापायची. शिकत होते, वेड्यावाकड्या व्हायच्या, पण ती कौतुकानं खायची. राहिलेलं सगळं बी मी पहिल्या धुण्यातच धुऊन, पुसून, वाळवून ठेवलं होतं. दीड-दोन महिने पुरलं. घरातलं सगळ्यात चांगलं आम्ही तिला दिलं. हे वाक्य मी आयुष्यात अनेकदा मनात म्हणून बघितलं आहे आणि प्रत्येक वेळी मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं आहे.

पुढं अव्वाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. ओठ बधिर व्हायचे. खडी फोडताना हातोडा बोटावर बसला तरी कळत नसे. लोक म्हणाले, अंगात रक्त नाही म्हणून. बाळंतपणाच्या आधी ते कमी झालं. उन्हाळ्याच्या शेवटी बहीण जन्मली. गोरी, नाकेली, आणि इतकी शांत, की शेजारपाजारच्या बाया म्हणायच्या, लेकरू म्हणावं तर असं. रडतच नव्हती. वर्ष झालं तरी मान धरत नव्हती, तेव्हा लोकांची वाचा फुटली. समोर हात फिरवला तर तिचे डोळे हलत नसत. सगळ्यांनी मिळून शोध लावला, की अव्वानं ग्रहणात काहीतरी चिरलं असणार. अव्वाला आठवत नव्हतं, पण रोज रोज ऐकून तिलाही वाटायला लागलं, चिरलं असेल.

फक्त एकदा, बहिणीला अंगाला लावताना, तिनं मान वर न करता मला विचारलं, "त्या बियाला सात पाणी घातलीस नव्हं?"

"हाव अव्वा," मी म्हणलं. दुसऱ्यांदा.

दहा वर्षं अशीच गेली. मी शिकायला नांदेडला गेले. त्याच सुमारास लातूर जिल्हा झाला. तोवर आम्ही उस्मानाबादचे, आणि उस्मानाबाद आमच्यापासून इतकं लांब, की तिथं जाण्यापेक्षा दुखणं अंगावर काढणं सोपं. लातूरला गुलाल उधळला, पेढे वाटले, कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या. आमच्या गावात कुणी म्हणालं, आता लातूरला मोठे डॉक्टर येणार. अव्वानं ते ऐकून ठेवलं. मी सुट्टीत घरी आले, तर ती तयारच बसलेली. बहीण नऊ वर्षांची, पण हाडं तेवढी. अव्वानं तिला लुगड्याच्या पदरानं कमरेला बांधलं आणि आम्ही एसटीत बसलो. अव्वा सगळ्या वाटेनं बोलत होती. जिल्हा आपला झालाय, आता आपल्याला कोण अडवतंय, म्हणायची. मला तिच्या त्या आशेची भीती वाटत होती.

डॉक्टर तरुण होता, नवीन आलेला. त्यानं बहिणीला घाईनं हातावेगळं केलं नाही. पाय वाकवून बघितले, डोळ्यांपुढं बॅटरी धरली. ग्रहणाचं सांगितलं तेव्हा त्यानं ते नुसतं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दुष्काळात काय खात होता, मावशी?" अव्वा म्हणाली, मिलो. कामावर वाटायचे ती सुकडी. त्यानं विचारलं, "औषध लावलेलं बियाणं?"

अव्वा अभिमानानंच म्हणाली, "खाल्लं. पर तसंच न्हाई साहेब, धुऊन. सात पाण्यानं. हिनंच धुतलं, माझी मोठी."

डॉक्टरनं बॅटरी विझवली. त्या औषधात पारा असतो, म्हणाला, आणि पोटातल्या लेकराच्या मेंदूला तो आईपेक्षा जास्त बाधतो. नक्की सांगता येणार नाही, इतक्या वर्षांनी तपासून कळणार नाही, पण मला तेच वाटतं, असं तो म्हणाला. औषध विचारलं तर त्यानं मान हलवली. व्यायाम दाखवला, हातपाय कसे हलवायचे तो. धुण्याबद्दल तो काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

परतीच्या गाडीत अव्वानं बहिणीचं तोंड पुसलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "खरं सांग."

मी एकवीस वर्षांची होते. खिडकीबाहेर बघत मी सांगितलं, "दोन."

"दोन?"

"दोन पाणी. मग बायकांनी दोरी वडली. मग फडक्यानं पुसलं."

तिनं बहिणीला बांधलेली पदराची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग अव्वा म्हणाली, "ल्हान हुतीस." एवढंच. तिनं मला मारलं नाही, शिवी दिली नाही, अप्पांना सांगितलं नाही. अप्पा गेले ते न कळताच गेले. पण त्या दिवसापासून अव्वानं मला घरात काही धुऊ दिलं नाही. मी तांदळाला हात लावला की ती शांतपणे भांडं काढून घ्यायची. डाळ, भाजी, ज्वारी, सगळं तीच धुवायची. लग्नानंतर माहेरी आले की पाहुण्या म्हणायच्या, लेकीला किती जपते बघा. मी मान खाली घालून बसायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

माझ्या संशोधनाची कथा ही अशी आहे. गाईडचा त्यात काही संबंध नाही.

आता थोडं शास्त्र सांगते, कारण आयुष्य त्यात घातलंय. पाऱ्याला गंधकाची ओढ असते. आपल्या पेशींत गंधक असलेलं एक द्रव्य असतं, ग्लुटाथायोन नावाचं. पेशी श्वास घेते तेव्हा तिच्यात काही उपद्रवी कण तयार होतात, ते निस्तरायचं काम या द्रव्याचं. पारा येतो आणि त्यालाच धरून बसतो. मग राखण करायला कुणी उरत नाही, आणि पेशीच्या आवरणातली स्निग्धं खवट व्हायला लागतात, उघड्या बरणीतल्या तेलासारखी. मेंदूत स्निग्धं भरपूर, म्हणून तिथं नासाडी जास्त. लहान मेंदूतल्या बारीक पेशी आधी मरतात. तोल, डोळे, हातापायांची हालचाल जाते. ही खवट होण्याची क्रिया अडवणारी द्रव्यं म्हणजे अँटिऑक्सिडंट. ई जीवनसत्त्व, सी जीवनसत्त्व, सेलेनियम, आणि आमच्याकडचा साधा आवळा.

माझ्या प्रयोगशाळेत उंदरांचे मेंदू थंड द्रावणात वाटून त्यात एक रसायन घालायचं आणि उकळत्या पाण्यात नळी धरायची. पेशी जितक्या नासल्या असतील, तितकी नळी गुलाबी होते. पहिल्यांदा तो रंग चढताना पाहिला तेव्हा मी नळी ठेवून बाहेर जाऊन ओकले. शिपाईमामांना वाटलं, उंदरांच्या वासानं. पुढं सवय झाली. रंगाची सवय व्हायला मला वेळ लागत नाही.

ज्या उंदरांना पारा देण्याआधी आवळ्याचा अर्क दिला होता, त्यांची नळी फिक्कट निघाली. अगदी फिक्कट नाही, पण उजवी. तो निकाल आला त्या दिवशी मी वेड्यासारखी स्टँडवर गेले आणि मुखेडची गाडी धरली. तिथून उदगीर, तिथून गाव. अव्वा सूप घेऊन ज्वारी पाखडत होती. पाखडण्याचा आवाज आला की बहीण खाटेवर पडल्या पडल्या हसायची. तिला आवडायचं असं जगात तेवढं एकच होतं, म्हणून अव्वा स्वच्छ धान्यसुद्धा पाखडत बसायची. मी दारातूनच सांगितलं, "अव्वा, आवळ्यानं मेंदूच्या पेशी वाचतात."

मी फक्त एवढंच सांगितलं. आधी दिला तर, हे तीन शब्द राहिले. पारा पोटात गेल्यावर दिला तर काय, तर बैल गेला नि झोपा केला. मेलेली पेशी आवळ्यानं उठत नाही, आणि ज्या जिवाचा मेंदू पोटातच नासला त्याला पंचवीस वर्षांनी कशानंच काही होत नाही. उंदराच्या नळीतलं माणसाला लागू पडतं की नाही, तेही कुणाला ठाऊक नाही. हे सगळं मला माहीत होतं. पण अव्वाचं तोंड बघितलं आणि माझी जीभ वळली नाही.

त्या दिवसापासून अव्वा बहिणीला रोज आवळा देऊ लागली. हंगामात रस, मग मोरावळा, मग वाळलेल्या आवळ्याची पूड पाण्यात. बहिणीला गिळायला त्रास व्हायचा, ठसका लागायचा, एकेका चमच्याला घटका जायची. मी गेले की अव्वा सांगायची, "फरक हाय बरं का. परवा माझ्याकडं बघितलीय." मी मान डोलवायची. तिसरं खोटं ते. त्याला तर बोलावंसुद्धा लागलं नाही.

मग एका दुपारी आमच्या वाचनालयात मला एक जुना अंक सापडला. आमच्या दुष्काळाच्याच वर्षी, लांबच्या एका वाळवंटी देशातही लोकांनी औषध लावलेलं बियाणं खाल्लं होतं. लाल रंगाचा गहू. त्यांनीही कोंबड्यांना घालून बघितलं होतं. त्यांनीही धुतलं होतं. आणि खाली लिहिलं होतं, की धुतल्यानं रंग जातो, विष बहुतेक तसंच राहतं. मी ती ओळ किती वेळा वाचली असेल. दोन पाणी घातली काय आणि सात घातली काय, सारखंच होतं. माझ्या छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलला. मला रडू आलं, मग हसू आलं. मी तेवढं पान उतरवून घेतलं आणि पुन्हा मुखेडची गाडी धरली. सगळ्या वाटेनं मी फक्त माझा विचार करत होते. हे लिहितानाही लाज वाटते, पण खरं आहे. माझी सुटका झाली होती आणि मला ती अव्वाला दाखवायची होती.

हंगाम होता. अव्वा उंबऱ्यात बसली होती, पुढ्यात वाडगाभर आवळे. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. तो देश, तो गहू, त्या कोंबड्या, ते धुणं. "सात पाण्यानं बी गेलं नसतं अव्वा," मी म्हणलं. "सत्तर पाण्यानं बी न्हाई. माझ्यानं झालं न्हाई ते."

मला वाटलं होतं, ती माझ्या तोंडावरून हात फिरवेल. ती आवळ्यांकडं बघत राहिली. बहीण खाटेवर कण्हत होती, पण अव्वा उठली नाही.

"म्हंजी धुण्यानं न्हाई झालं," ती म्हणाली.

"न्हाई."

"मग खाण्यानं झालं."

हातातलं पान मी खाली ठेवलं. आता कुठं माझ्या ध्यानात आलं मी काय केलं ते.

"पोतं म्याच उघडलं," अव्वा म्हणाली. "तुझा अप्पा गप हुता. मिलूचा उंडा नको म्हणून म्याच म्हणलं. पांडवाचं नाव केलं. भूक माझीच हुती गं. पांढऱ्या भाकरीची."

"अव्वा, दुष्काळ हुता."

"दुष्काळ समद्यालाच हुता." मग ती इतक्या सावकाश बोलली, की मला एकेक शब्द अजून वेगळा ऐकू येतो. "इतकी वरसं तुला माफ करून करून काढली म्या. रोज सकाळी उठायची, म्हणायची, ल्हान हुती पोर, जाऊ दे. त्यावर माझा दिस जायचा. आता म्या कुणाला माफ करू, बाई?"

मी शिकलेली बाई, माझ्याकडं कागद होता. मी माझा धोंडा उचलून म्हाताऱ्या आईच्या छातीवर ठेवला होता, आणि त्यासाठी दोन गाड्या बदलून आले होते.

वाडग्यातला एक आवळा उचलून तिनं विचारलं, "ह्यो आवळा तरी खरा हाय का?"

खरं सांगायची वेळ हीच होती. आधी द्यावा लागतो अव्वा, तू ते बी खायच्या आधी, आणि तेव्हा या मुलखात आवळ्याच्या झाडाला पानसुद्धा नव्हतं. आणि दिला असता तरी काय झालं असतं, कुणाला माहीत. एवढं सगळं माझ्या तोंडात होतं. एका दिवसात एका माणसाला किती खरं सांगावं?

"खरा हाय," मी म्हणलं. "देत जा."

तिनं मान हलवली. विश्वास बसला की नाही, मला कळलं नाही. तिनं वाडगा उचलला आणि सवयीनं स्वतःच उठायला लागली. मग थांबली. लातूरहून आलो त्या दिवसानंतर पहिल्यांदाच तिनं भांडं माझ्या हातात दिलं.

"जा," म्हणाली. "धुऊन आण."

मी परसात नळाखाली बसले. तेव्हा गावात नळ आला होता, पाणी हवं तेवढं होतं, दोरी ओढून घ्यायला कुणी नव्हतं. मी एकेक आवळा चोळला. पाणी ओतलं, पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. मोठ्यानं मोजत होते, तिला ऐकू जावं म्हणून. एक. दोन. तीन. सातापर्यंत मोजलं आणि मागं वळून बघितलं, तर अव्वा उंबऱ्यातून उठून आत गेली होती.